चित्र दाखवलंय, आता बोलायचं काय?

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शन असलं की कलादालनाच्या दाराशी टेबलावर अभिप्राय वही असते. ती एकदा सावकाश चाळून बघा. 'अप्रतिम', 'खूपच सुंदर', 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा', खाली सही आणि गाव. चित्रकाराला कामाला येईल असं एखादं वाक्य शोधायला पानंच्या पानं उलटावी लागतात. त्याच प्रदर्शनातून बाहेर पडलेले चौघे चहाच्या गाड्यावर मात्र मोकळेपणानं बोलत असतात: 'हात गंडलेत', 'पाण्याचा रंग घाण झालाय', 'त्या म्हातारीच्या चित्रात काहीतरी हाय बघ'. कामाचं बोलणं गाड्यावर होतं आणि चित्रकार आत पाहुण्यांना नमस्कार करत उभा असतो.

वर्गात याचीच छोटी आवृत्ती बघायला मिळते. मित्र म्हणतो, 'लई भारी!' सर म्हणतात, 'बॅकग्राऊंड बघ जरा.' दोन्ही ऐकून पोरगं मान डोलावतं, आणि बोर्डासमोर परत बसल्यावर नेमकं काय करायचं ते त्याला कळत नाही.

यंदा कलामहाविद्यालयात फाउंडेशनला, ए.टी.डी.ला (कलाशिक्षक पदविका) किंवा जी.डी. आर्टला (चित्र-शिल्पकलेची पदविका) आलेल्यांसाठी हा लेख आहे. रविवारी निसर्गचित्रणाला जाणाऱ्या ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांसाठी आहे, आणि घरातल्या धाकट्यांची एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या दादा-ताईंसाठीही. अभिप्राय चांगला की वाईट हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो: तो ऐकून समोरच्याला उद्या सकाळी काय करून बघायचं ते कळलं का? कळलं असेल तर अभिप्राय थोडा कडू असला तरी चालतो. नसेल कळलं, तर कितीही गोड असू दे, वाऱ्यावर गेला.

आधी गप्प बसून बघा

चित्र समोर आलं की पहिलं मिनिटभर काही बोलू नका. हे वाटतं तेवढं सोपं नाही. समोरचा आपल्या तोंडाकडे बघत असतो, त्यामुळे काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं. तरीही थांबा.

पहिल्यांदा लांबून बघा. आठ-दहा फुटांवरून चित्राची मांडणी कळते, जवळून फक्त कारागिरी दिसते. मग डोळे किलकिले करा. बारकावे विरघळतात आणि गडद-उजळ भागांचे मोठे तुकडे तेवढे उरतात. चित्र 'सपाट' का वाटतंय याचं उत्तर बहुतेक वेळा इथंच सापडतं, कारण सगळे टोन, म्हणजे रंगांचा गडद-उजळपणा, मधल्या पट्टीतले असतात. शंका राहिली तर मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. रंग निघून गेल्यावर झाड आणि मागचा डोंगर एकमेकांत मिसळून गेले, तर अडचण रंगाची नसून टोनची आहे. चित्र उलटं धरून बघणं ही जुनी युक्ती. तोल गेलेला असेल तर लगेच जाणवतो. व्यक्तिचित्र असेल तर आरशात बघा, एक डोळा वर सरकलेला असला की आरसा चुगली करतो.

एवढं करूनच जवळ जा.

मग विचारा

बघून झालं की लगेच मत देऊ नका, आधी विचारा. हे कशासाठी काढलंय? किती वेळ मिळाला होता? पूर्ण झालंय का? यात तुला काय दाखवायचं होतं? कुठं अडलंय?

नवखे लोक हे प्रश्न गाळतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. वीस मिनिटांचं जलद स्केच आणि चार दिवस रंगवलेलं स्टिल लाइफ (मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र) यांना एकच फूटपट्टी लावून चालत नाही. महाद्वार रोडवरच्या गर्दीचं स्केच असेल तर त्यात माणसांची बोटं शोधत बसू नये. उलट वर्गात प्लास्टरच्या डोक्याचा अभ्यास दिला असेल आणि पोरानं त्यावर 'माझी स्टाइल' केली असेल, तर 'अभ्यास कशाचा होता?' एवढंच विचारावं. अभ्यासात दिसतंय तसं उतरवायचं असतं, स्वतःच्या चित्रात वाटतंय तसं. कुठल्या कामाबद्दल बोलतोय हे ठरल्याशिवाय बरोबर-चूक ठरत नाही.

'कुठं अडलंय?' हा प्रश्न तर सोन्यासारखा. दहातल्या सात-आठ जणांना आपलं कुठं फसलंय ते माहीत असतं, फक्त का फसलंय ते कळत नसतं. त्यांनी स्वतः बोट ठेवलं की तुमचं निम्मं काम झालं, आणि त्यांना कुणी चूक काढल्यासारखंही वाटत नाही.

आधी दिसतं ते सांगा, वाटतं ते नंतर

पहिली दोन-तीन वाक्यं विशेषणाशिवाय बोलायची. छान, वाईट, भारी, बेकार यांतलं काहीच नको. 'माझी नजर आधी उजव्या कोपऱ्यातल्या पिवळ्यावर जाते.' 'हा माणूस जमिनीवर टेकलेला दिसत नाही.' 'वरचा अर्धा भाग मोकळा आणि खालचा गच्च आहे.' यात निकाल नाही, बघणाऱ्याच्या डोळ्याचं काय होतंय एवढंच आहे. चित्रकाराला स्वतःच्या चित्राची ही एकच गोष्ट कधी दिसत नाही, कारण त्याला ते कसं घडत गेलं ते पाठ असतं.

याचा सराव जिवंत माणसाच्या चित्रावर करण्याआधी टाउन हॉलच्या म्युझियममध्ये करा. तिथं आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या या चित्रकारानं रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. १९३१ साली ते गेले, त्यामुळे तुमच्या बोलण्यानं कुणी दुखावणार नाही. एका चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि 'सुंदर' हा शब्द न वापरता वहीत दहा वाक्यं लिहायची. उजेड कुठून आलाय, सगळ्यात गडद जागा कुठली, कुठली कड धारदार आहे आणि कुठली विरघळलीय, पाण्याचा रंग आकाशापेक्षा किती वेगळा आहे. चौथ्या-पाचव्या वाक्यानंतर अडल्यासारखं होतं, आणि खरं बघणं तिथंच सुरू होतं. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, तिथंही हाच सराव करता येईल. पडद्यावरचा नट म्हणून माहीत असलेला हा माणूस निसर्गासमोर किती शांतपणे बसायचा ते तिथं कळतं.

एक चित्र, एक संभाषण

समजा, पहिल्या वर्षाच्या एका मुलानं रंकाळ्याचं जलरंगातलं चित्र आणलंय. दगडी संध्यामठ, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, मागं झाडांची रांग. तिसऱ्या वर्षाची ताई बघतेय.

'ताई, कसं झालंय?'

'थांब, बघू दे. कधी काढलंस?'

'काल संध्याकाळी. दोन तास बसलो होतो. आकाश आधी उरकलं.'

'दाखवायचं काय होतं?'

'मठ. काळा दगड आणि त्यावर कडेला पडलेलं ऊन.'

'बरं. माझी नजर आधी पाण्यात जाते, तिथंच घुटमळते आणि मग वर मठावर येते. तुझं काय होतंय बघ, लांबून.'

पोरगं चार पावलं मागं जातं. 'खालचं पण तेवढंच काळं झालंय.'

'हं. आणि कडा?'

'कडा पण तेवढ्याच कडक. दोन मठ दिसतायत.'

'ऊन कुठाय?'

'वरच्याला आहे थोडं. दिसतच नाही.'

'आकाश मात्र झकास उतरलंय. ओला वॉश एकदा मारलास आणि परत हात लावला नाहीस, म्हणून ताजं राहिलंय. तेच पाण्यात का केलं नाहीस?'

इथं ताईनं एकदाही 'प्रतिबिंब चुकलंय' म्हटलेलं नाही. तिनं त्याला लांब उभं केलं आणि दोन प्रश्न विचारले. आता सांगायची वेळ आली आणि जे सांगायचं ते माहितीचं आहे: गडद वस्तूचं प्रतिबिंब पाण्यात साधारणपणे थोडं उजळ दिसतं आणि उजळ वस्तूचं थोडं गडद. पाणी जरा हललं तरी कडा मोडतात. सावली सूर्याच्या जागेप्रमाणे तिरपी पडते, प्रतिबिंब मात्र वस्तूच्या सरळ खालीच येतं. आणि शेवटी उद्याचं काम: 'हेच चित्र परत काढू नकोस. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नुसता मठ आणि पाणी घे, दोन टोनमध्ये. वरचा गडद, खालचा एक पट्टी उजळ, आणि खालचा रंग कागद ओला असतानाच सोड. तसले तीन कर. मग बघू.'

आकाशाचं कौतुक तिनं कुठं केलं तेही बघा. तोंडदेखलं सुरुवातीला नाही. नेमक्या जागेवर, कारणासकट, आणि त्याचा पुढच्या कामाशी संबंध जोडून. मुलाला स्वतःची कुठली सवय टिकवायची आहे ते कळलं. कौतुकाचा खरा उपयोग हाच. कारण सांगितलं नाही तर चांगलं झालेलं पुढच्या वेळी नशिबावर सोडावं लागतं.

आधी गोड, मध्ये चूक, शेवटी परत गोड अशी एक पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मला ती पटत नाही. पोरं हुशार असतात. दुसऱ्या वेळेपासून पहिलं कौतुक ऐकतानाच 'आता पुढं काय येणार' म्हणून खांदे आखडून घेतात, आणि मग खरं कौतुकही खोटं वाटायला लागतं.

एका वेळी एकच दुखणं

चित्रात दहा गोष्टी खटकल्या तरी दहाही सांगू नका. एक सांगा, फार तर दोन. तालमीत वस्ताद खेळ बघतो तेव्हा त्याला पन्नास चुका दिसतात, पण ओरडून सांगतो एकच: 'डावा पाय!' पोरगं पाय सावरतं, बाकीचं उद्या.

कुठली एक सांगायची? वरून खाली या. पहिली मांडणी, मग रेखाटन आणि प्रमाण, मग टोन, मग रंग आणि बारकावे सगळ्यात शेवटी. वरची पायरी डळमळीत असेल तर खालच्या पायरीवर बोलण्यात अर्थ नाही. चेहऱ्यात डोळे फार वर गेलेत (मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे येतात, आणि नवख्याला कपाळ नेहमी लहान वाटतं) आणि तुम्ही पापण्यांच्या केसांवर बोलताय, असं होऊ देऊ नका. पापण्या सुधारून काय करायचंय? डोळा खाली आला की त्या पुसल्याच जाणार आहेत.

आणि नेमकं बोला. 'शेडिंग नीट कर' याला काही अर्थ नाही. 'तांब्याच्या डाव्या बाजूला, पोटाखाली, सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला आलाय. तांब्याकडे बघ, कडेला परत थोडा उजेड आहे, जमिनीवरून उसळलेला' हे ऐकून माणूस पेन्सिल उचलतो.

दुसऱ्याच्या चित्रावर हात चालवू नका

हा मुद्दा आपल्याकडे वादाचा आहे. कोल्हापुरात चित्रकला कारखान्यात बसून शिकण्याची परंपरा आहे. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) मूळचे मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' हेच आडनाव होऊन बसलं. अशा घरात नवशिका मोठ्यांच्या हाताखाली काम करता करता शिकतो, आणि मोठ्यानं ब्रश घेऊन दोन फटकारे मारले तर तो प्रसाद समजतो. त्यात शिकवण्याची ताकद आहे हे मी नाकारत नाही. पण तिथं काम सगळ्यांचं मिळून होतं, पडदा कुणा एकट्याचा नव्हता. वर्गातल्या पोराचं चित्र त्याचं एकट्याचं असतं. त्यावर सरांचे चार सुंदर फटकारे पडले की चित्र सुधारतं, आणि पोराला ते आपलं वाटेनासं होतं. घरी दाखवताना 'हा भाग सरांनी केलाय' असं सांगावं लागतं.

म्हणून तीन पर्याय. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दुरुस्ती दाखवा. समासात अंगठ्याएवढं छोटं स्केच करून मांडणी बदलून दाखवा. किंवा वेगळ्या कागदावर डेमो द्या आणि तो कागद त्याला देऊन टाका. यातलं काहीच हाताशी नसेल आणि चित्रालाच हात लावायचा असेल तर आधी विचारा: 'लावू का हात?' विद्यार्थी सरांना सहसा नाही म्हणत नाही, त्यामुळे विचारताना त्याच्या चेहऱ्याकडेही बघा. आणि विद्यार्थ्यांनो, 'सर, बाजूच्या कागदावर दाखवता का?' असं म्हणण्यात उद्धटपणा नाही.

वेळ माध्यम ठरवतं

जलरंगाचं चित्र पूर्ण झाल्यावर 'इथला पांढरा राखायला हवा होता' सांगून काय उपयोग? कागदाचा पांढरा एकदा गेला की गेला. जलरंगात खरं बोलणं रंग लावायच्या आधी, पेन्सिलीच्या रेखाटनावर आणि टोनच्या छोट्या स्केचवर झालं पाहिजे. नंतरचं बोलणं पुढच्या चित्रासाठी. तैलरंग आणि अॅक्रिलिकमध्ये मागं फिरता येतं, तिथं मध्यावर बोललात तरी चालतं. मातीकामात माती ओली आहे तोवर बोला. हेड स्टडीचं, म्हणजे मातीत घडवलेल्या डोक्याचं, नाक सरकवायचं असेल तर साचा काढायच्या आधी. प्लास्टर ओतल्यावर हनुवटीवर चर्चा करणाऱ्याला नमस्कार करून पुढं जावं.

आणखी एक. जमा करायच्या आदल्या रात्री कुणी चित्र दाखवलं तर मांडणीवर बोलू नये. त्या रात्री जे बदलता येईल तेवढंच सांगावं, बाकीचं सबमिशन झाल्यावर.

लहान मुलांशी बोलताना

पाच-सहा वर्षांच्या पोरानं आकाशाची निळी पट्टी कागदाच्या वरच्या कडेला आणि जमिनीची हिरवी पट्टी खाली काढली, मध्ये सगळं पांढरं ठेवलं, आई घरापेक्षा मोठी काढली. काहीही दुरुस्त करू नका. त्या वयात चित्र असंच असतं. 'काय काढलंयस?' यापेक्षा 'यातली गोष्ट सांग की' म्हणा. गोष्ट ऐकताना तुम्हालाच कळेल की आई मोठी का आहे. आपल्याकडच्या काकू-मावश्यांना 'सूर्याला डोळे असतात का रे?' विचारायची फार हौस. त्यांना प्रेमानं चहा करायला पाठवा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्या शाळकरी मुलांचं वेगळं. कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे ठरलेले विषय असतात, वेळ ठरलेली असते. इथं तांत्रिक अभिप्राय स्पष्टच द्यायला हवा. वस्तुचित्रात सगळ्यात जास्त फसतं ते भांड्याचं तोंड. डोळ्याच्या पातळीखाली ठेवलेल्या तांब्याचं तोंड लंबगोल दिसतं, आणि बूड त्याहून खाली असल्यामुळे बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा, जास्त गोलाकडे झुकलेला असतो. मुलं बूड सरळ रेषेनं कापतात, आणि तोंडाच्या दोन्ही टोकांना कोपरे काढतात. 'चुकलंय' म्हणू नका. खरा तांब्या पाण्यानं अर्धा भरा, मुलाच्या डोळ्यासमोर वर-खाली करा, आणि पाण्याचा गोल कसा उघडतो-मिटतो ते बघायला सांगा. मग त्याचंच चित्र त्याच्या हातात द्या. खोडरबर ते स्वतः शोधेल.

स्मरणचित्रात 'जत्रा' किंवा 'बाजार' असा विषय आला की क्लासमध्ये पाठ करून घेतलेली तीच फुगेवाली बाई सगळ्यांच्या कागदावर येते. ती बघून मार्क कसे पडतील यावर बोलण्यापेक्षा 'जोतिबाच्या यात्रेला तू गेला होतास ना, तिथं तुला काय दिसलं?' एवढं विचारा. सासनकाठी आली, गुलाल आला, खांद्यावर बसलेलं पोर आलं की चित्र त्याचं झालं.

आता घेणाऱ्याची बाजू

अभिप्राय घेणं हेही काम आहे, आणि देण्यापेक्षा अवघड. पहिली गोष्ट, मागताना नेमकं मागा. 'कसं झालंय?' विचारलंत की 'मस्त' मिळणार. 'पुढचा बैल आणि मागची गाडी वेगळी दिसतायत का?' विचारलंत की उत्तर येणार. कुणाला विचारायचं तेही ठरवा. रेखाटनासाठी एक जण, रंगासाठी दुसरा, आणि चित्रकलेतलं काही न कळणारी एक व्यक्ती हमखास. तुमच्या आजीला टोन कळत नसेल, पण 'ही बाई रुसलीय का गं?' ती बरोबर विचारते, आणि तुम्ही हसरी काढलेली असते.

दुसरं, ऐकताना बचाव करू नका. 'सर, कागदच खराब होता', 'ऊन गेलं होतं', 'मला मुद्दामच तसं हवं होतं'. यातलं एखादं खरंही असेल. पण प्रदर्शनात चित्राशेजारी उभं राहून तुम्ही प्रत्येकाला कारणं सांगणार आहात का? तोंड बंद, वही उघडी. समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, स्वतःच्या भाषेत बदलू नका. 'आकाश जड वाटतंय' ऐकून तुम्ही 'आकाश चुकलं' लिहिलंत, तर दोन दिवसांनी वाचताना कामाची माहिती गेलेली असेल आणि राग तेवढा उरलेला असेल.

मोघम अभिप्राय आला तर एक प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. 'सर, बॅकग्राऊंड म्हणजे नेमकी कुठली जागा?' 'भारी वाटतंय तर कुठला भाग?' आवाज साधा ठेवा. बहुतेक जणांना मग परत बघावं लागतं, आणि दुसऱ्यांदा बघून दिलेलं उत्तर पहिल्यापेक्षा चांगलं असतं.

तिसरं, लगेच दुरुस्तीला बसू नका. रात्र जाऊ दे. सकाळी वही काढून शेऱ्यांचे ढीग पाडा. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकाच जागेवर बोट ठेवलं असेल तर तिथं नक्की काहीतरी आहे, त्यांनी सुचवलेले उपाय भले चुकीचे असोत. जागा लोक बरोबर सांगतात, औषध दर वेळी बरोबर असेलच असं नाही. दोन सरांनी एकमेकांच्या विरुद्ध सांगितलं, एक म्हणाले 'आणखी मोकळं कर' आणि दुसरे म्हणाले 'फिनिशिंग कमी आहे', तर घाबरून जाऊ नका. दोघांच्या आवडी वेगळ्या आहेत. छोट्या कागदावर दोन्ही करून बघा, मूळ चित्राला धक्का न लावता, आणि तुम्हाला जे दाखवायचं होतं ते कशात जास्त दिसतं ते बघा. आवडीतून आलेला शेरा ऐकून सोडून देता येतो. 'मला निळा आवडत नाही' हा तुमच्या चित्रावरचा शेराच नव्हे.

आणि अपमान? तो मात्र अभिप्रायात मोजू नका. सगळ्या वर्गासमोर चित्र फाडणं, 'तुझ्यानं होणार नाही, दुसरं काहीतरी बघ' म्हणणं, रंगाच्या किमतीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून टोमणे मारणं, याला 'कडक शिस्त' असं गोंडस नाव देतात. त्यात चित्राबद्दल एक अक्षर नसतं. शांतपणे 'यात काय बदलू ते सांगा' एवढं विचारा. उत्तर आलं तर लिहून घ्या. नाही आलं तर वहीचं पान कोरं ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. वारंवार होत असेल तर एकट्यानं सोसू नका, घरी आणि संस्थेतल्या जबाबदार माणसाला सांगा.

अभिप्राय देणाऱ्याचं ऋण फेडायची एकच रीत आहे. पुढचं चित्र घेऊन त्याच माणसाकडे जा आणि 'तुम्ही पाण्याचं म्हणाला होता, हे बघा' म्हणा. पटलं नसेल तर तसंही सांगा, करून बघितल्याचा कागद दाखवून. पुढच्या वेळी तो माणूस तुमचं चित्र दुप्पट वेळ बघेल.

ग्रुपमध्ये बसलात तर

रविवारी पंचगंगा घाटावर निसर्गचित्रणाला गेलात, दहा-बारा जणांची चित्रं झाली, उन्हं चढली, आणि सगळ्यांना मिसळीची घाई आहे. तरी अर्धा तास काढा. चित्रं पायऱ्यांवर सावलीच्या बाजूला ओळीनं ठेवायची, सगळ्यांनी लांब उभं राहायचं. कुणाचं कुठलं ते सुरुवातीला सांगायचं नाही. माहीत असतंच, पण न बोलल्यानं थोडा फरक पडतो. प्रत्येक चित्राला दोन-तीन मिनिटं. बोलायला सुरुवात सगळ्यात नवख्यानं करायची आणि ज्येष्ठांनी शेवटी, हा नियम मोडू देऊ नका. सर आधी बोलले की बाकीचे फक्त 'हो ना, मला पण तसंच वाटलं' म्हणतात. चित्र ज्याचं, तो सगळ्यात शेवटी बोलेल, आणि एवढंच सांगेल: यातलं मी पुढच्या रविवारी काय करून बघणार आहे.

सगळ्यात चांगल्या चित्राला मत द्यायचा खेळ खेळू नका. एकदा स्पर्धा झाली की पुढच्या वेळी लोक घाटाचं चित्र घरी फोटोवरून पूर्ण करून आणतात.

मोबाईलच्या ग्रुपवर चित्र पाठवायचं असेल तर ते सावलीत, दिवसाच्या उजेडात, अगदी समोरून आणि कागदाच्या चारही कडा दिसतील असं टिपा. फ्लॅश नको, फिल्टर नको. बघणाऱ्यानं फोटोवरून रंगाबद्दल फार बोलू नये, कारण प्रत्येकाच्या स्क्रीनवर तो वेगळा दिसतो. मांडणी आणि टोन यांवर बिनधास्त बोला. खटकलेलं काही लांबलचक सांगायचं असेल तर ग्रुपवर न लिहिता त्या मुलाला सरळ फोन लावा.